बोटावरची शाई आणि सर्व्हरची स्मृती

म्हैसूर शहरात १९३७ साली, महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, लाख व रंग यांचा एक कारखाना स्थापन झाला. आज तो ‘मैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड’ या नावाने ओळखला जातो व कर्नाटक शासनाच्या मालकीचा आहे. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून भारतीय मतदाराच्या बोटावर लावली जाणारी न पुसणारी शाई याच कारखान्यात तयार होते. तिची कृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सिद्ध केली. शाईतील सिल्व्हर नायट्रेट त्वचेशी संयोग पावते आणि प्रकाश लागताच काळे पडते. साबणाने हा डाग निघत नाही. त्वचा झडेपर्यंत व नख वाढेपर्यंत तो टिकतो.

या शाईचा संगणकशास्त्राशी काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडेल. परंतु वेबवरील अनुप्रयोग रचणाऱ्यास जो प्रश्न नित्य सोडवावा लागतो, तोच या शाईने मतदान केंद्रावर सोडविला आहे. समोर आलेली व्यक्ती पूर्वी येऊन गेली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

स्मृतीच्या दोन जागा

मतदान केंद्रावर याची दोन उत्तरे एकाच वेळी वापरली जातात. अधिकारी मतदारयादीत नावाखाली रेघ ओढतो. ही केंद्राची स्मृती होय. दुसरा अधिकारी मतदाराच्या डाव्या तर्जनीवर शाई लावतो; ही स्मृती मतदार स्वतःबरोबर घेऊन जातो. यादी केवळ त्या केंद्रापुरतीच बोलते. एखाद्याचे नाव चुकून दोन गावांच्या यादीत असेल, तर दुसऱ्या केंद्रास पहिल्या यादीतील रेघ दिसत नाही. बोट मात्र सर्वत्र दिसते.

येणाऱ्याची हकीकत जी व्यवस्था स्वतःजवळ राखते तिला स्थितिधारक म्हणता येईल. जी काहीच राखीत नाही, व लागणारी सर्व माहिती येणाऱ्याकडूनच घेते, ती स्थितिमुक्त होय.

विसराळू सर्व्हर

जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेबची उभारणी केली. पाने मागविण्याचा जो संकेत त्यांनी योजला, तो स्थितिमुक्त होता. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि तो प्रसंग विसरून जातो. लेख वाचावयाचा असेल तर यात काही उणे नाही. परंतु दुकानात एक वस्तू निवडून दुसऱ्या पानावर जाताच दुकानदार गिऱ्हाइकाला विसरला, तर व्यवहार कसा व्हावा? यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ची योजना केली. सर्व्हर एक लहानशी चिठ्ठी ब्राउझरच्या हाती देतो व ब्राउझर पुढील प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवितो.

आता या चिठ्ठीवर काय लिहावे, हा प्रश्न उरतो. अनुप्रयोग रचण्याच्या तयार चौकटींनी याची भिन्न उत्तरे दिली आहेत.

खातेवही की चिठ्ठी?

जँगो ही चौकट सामान्यतः चिठ्ठीवर केवळ एक अनुमान करता न येणारा क्रमांक लिहिते. त्या क्रमांकाची सर्व हकीकत सर्व्हरकडील माहितीकोशात राहते. पीएचपीत ही हकीकत बहुधा सर्व्हरच्या फायलींत असते. येथे गुप्त गोष्टी घरातच राहतात आणि एखाद्याचा प्रवेश बंद करावयाचा झाल्यास वहीतील एक नोंद खोडली की काम होते. अडचण येते ती गर्दी वाढल्यावर. एका सर्व्हरच्या जागी दहा सर्व्हर उभे केले आणि प्रत्येकाची वही निराळी राहिली, तर पहिल्याने ओळखलेला माणूस दुसऱ्यास परका वाटतो. म्हणून सर्वांस मिळून एक सामाईक वही ठेवावी लागते. ती वही बंद पडली की दहाही सर्व्हर खोळंबतात.

रूबी ऑन रेल्स ही चौकट सामान्यतः सारी हकीकत चिठ्ठीवरच लिहिते. चिठ्ठीत कोणी खाडाखोड करू नये म्हणून सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने तीवर गणिती मोहोर उमटवितो. एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही. २०१३ मधील चौथ्या आवृत्तीपासून मजकूर गुप्तलिपीतही ठेवता येऊ लागला. किल्ली जवळ असलेला कोणताही सर्व्हर ही चिठ्ठी तपासू शकतो. त्यास सामाईक वही लागत नाही. २००० साली रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात स्थितिमुक्ततेचा पुरस्कार केला, तो याच सोयीसाठी. एक सर्व्हर बंद पडला तरी त्याची जागा दुसरा तत्काळ घेतो.

शाई व चिठ्ठी यांतील भेद

परंतु चिठ्ठीस मर्यादा आहेत. तीत सुमारे ४,००० अक्षरेच मावतात आणि ती प्रत्येक विनंतीबरोबर वाहून न्यावी लागते. एकदा दिलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. डाग जसा आपल्या काळाने पुसट होतो, तशी ती मुदत संपल्यावरच निकामी होते. म्हणून मुदत अल्प ठेवणे हिताचे असते.

याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. शाई लागलेल्या माणसास कालचे कोरे बोट आज परत आणता येत नाही. चिठ्ठीची मात्र नक्कल करून ठेवता येते. समजा, चिठ्ठीवर ‘शिल्लक ५०० रुपये’ असे लिहिले आहे. गिऱ्हाइकाने तिची नक्कल ठेवली, ४०० रुपयांची खरेदी केली आणि मग जुनी नक्कल पुढे केली. मोहोर खरी, अक्षर न् अक्षर खरे. तरीही दुकानदार फसला. तसेच ‘याने मत दिले आहे’ ही गोष्ट केवळ चिठ्ठीवर लिहिली, तर चिठ्ठी टाकून देताच माणूस पुन्हा कोरा होतो.

यावरून एक उपयुक्त नियम निघतो. जी गोष्ट हरवल्याने बाळगणाऱ्याचेच नुकसान होते, ती त्याच्या हाती देण्यास हरकत नाही. प्रवेशाची चिठ्ठी हरवली तर त्यासच पुन्हा ओळख पटवावी लागते. जी गोष्ट हरवल्याने वा जुनी दाखविल्याने त्याचा लाभ होतो, ती सर्व्हरच्या वहीतच असली पाहिजे.

स्थितिमुक्त रचनेत स्थिती नाहीशी होत नाही. ती केवळ जागा बदलते. मतदान केंद्राने यादी व शाई या दोहोंवर विश्वास ठेवला, कारण एकीचे उणे दुसरी भरून काढते. उत्तम अनुप्रयोगही बहुधा असाच रचलेला असतो.