मिरीच्या बंदरात दोन दिवस

कोचीचे एक छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: मावळता सूर्य, काळवंडलेले पाणी आणि त्यावर पंख पसरल्यासारखे उभे चिनी जाळे. केरळच्या पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर ते असते, शेजाऱ्यांच्या सहलीच्या अल्बममध्ये असते आणि फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी ते शेकड्यांनी नव्याने टिपले जाते. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण ज्या मालासाठी अरब, चिनी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या किनाऱ्याला लागले तो माल, तो उतरवणारे हात आणि त्याच्या आधाराने वसलेल्या वस्त्या त्यात कुठेच दिसत नाहीत. दोन दिवसांसाठी कॅमेरा घेऊन कोचीला जाणाऱ्याने सूर्यास्ताची घाई न करता मिरीची वाट धरावी. पाण्यावरून धक्क्याला, धक्क्यावरून गोदामात, गोदामातून देवळा-सिनेगॉगच्या दाराशी आणि तिथून मागच्या गल्ल्यांत ही वाट जाते, आणि तिच्यावर प्रत्येक ठिकाणी उजेडाची वेळ वेगळी आहे.

या बंदराचा जन्मच पाण्याच्या लहरीतून झाला. जुने बंदर उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ होते. रोमन व्यापारी ज्याला मुझिरिस म्हणत, ते तिथेच कुठेतरी होते असे मानतात. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, जुने मुख गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीचे मुख मोकळे झाले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. १५०० च्या डिसेंबरात पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल इथे आला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला आणि १५३० मध्ये राजधानी गोव्याला हलेपर्यंत पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला कारभार मुख्यतः कोचीतून चालला. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. किल्ल्याचे आता तुरळक अवशेष उरले आहेत.

सुरुवात जाळ्यांपासूनच करायला हरकत नाही, फक्त सकाळी करावी. साडेसहाच्या सुमारास उजाडते तेव्हा किनाऱ्यावर गर्दी नसते आणि जाळी खरोखर मासे धरत असतात. सागवान आणि बांबूच्या वाशांचा हा सांगाडा सुमारे दहा मीटर उंच. एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले दगड. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला, तरी त्याच्या भाराने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-सहा जण दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली येतात आणि जाळे वर येते. या क्षणी सूर्य समोर ठेवून उभे राहावे. जाळ्यातून निथळणारे पाणी उजेडाने पेटून उठते. वाशावर चाललेला माणूस, लोंबणारे दगड, दोरावरचे हात असे तीन-चार जवळचे तुकडे टिपले, तर यंत्र कसे चालते ते पाहणाऱ्याला समजते. दूरच्या सूर्यास्ताच्या चित्रात ते समजत नाही.

ही जाळी कुणी आणली यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुणी कुब्लाई खानाच्या दरबारातून आलेल्या व्यापाऱ्यांचे नाव घेतात, कुणी चिनी दर्यावर्दी झेंग हेच्या आरमाराचे, तर कुणी म्हणतात की पोर्तुगीजांनीच ती मकाऊहून आणली. आज मात्र ती चालवणे कठीण झाले आहे. सागवान महाग, मासळी घटलेली, पावसाळ्यानंतर खाडीतून वाहत येणाऱ्या जलपर्णीने जाळी भरतात. काही ठिकाणी लाकडाच्या जागी लोखंडी नळ्या आल्या आहेत. छायाचित्रकार त्या नळ्या चौकटीबाहेर ठेवण्याची धडपड करतात. त्या आत घ्याव्यात, कारण आजची खरी गोष्ट तीच आहे. कोळी पर्यटकाला दोर ओढायला बोलावतात आणि नंतर काही पैशांची अपेक्षा ठेवतात. ती रास्त आहे. आधी विचारावे, मोकळेपणाने द्यावे, मग सावकाश फोटो काढावेत.

तरीही सूर्यास्त हवाच असेल, तर पंचांगाकडे लक्ष द्यावे. कोचीच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे दोन टोकांत जवळजवळ ४८ अंशांचा फरक. मे महिन्यात कुणी जाळ्याच्या बरोबर मधोमध टिपलेला सूर्य नाताळच्या सुट्टीत त्याच जागेवरून सापडणार नाही. तो डावीकडे, किनाऱ्याच्या बाजूला सरकलेला असेल. जागा दुपारीच हेरून ठेवावी. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटे टिकतो.

जाळ्यांजवळच वैपिन बेटाकडे जाणारी रो-रो बोट सुटते. मांडव्याच्या रो-रोची सवय असलेल्या मुंबईकराला ती लहानशी वाटेल. काही मिनिटांचाच प्रवास, पण फोर्ट कोचीचा काठ समोरून पाहायचा तो इथूनच: जाळ्यांची रांग, मागे झाडी, मधून जाणारे एखादे कंटेनरवाहू जहाज. बंदराच्या मुखाशी डॉल्फिन दिसतात, त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स बाहेरच ठेवावी.

किल्ल्याच्या परिसरातले सेंट फ्रान्सिस चर्च बाहेरून साधे आहे. १५०३ मध्ये लाकडाचे आणि १५१६ पर्यंत दगडाचे झालेले हे देऊळ आधी कॅथलिक होते, डचांनी प्रॉटेस्टंट केले, इंग्रजांनी अँग्लिकन. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आज त्याची समाधी लिस्बनच्या बेलें भागात आहे आणि इथे कठड्याने वेढलेला एक दगड. लोक त्या दगडाचा फोटो काढून बाहेर पडतात. खरे पाहण्यासारखे आहेत ते भिंतींत उभे बसवलेले थडग्यांचे दगड, पोर्तुगीज आणि डच अक्षरांचे. तिरप्या उजेडात त्यांचे कोरीवकाम उठून दिसते, माथ्यावरच्या उन्हाच्या वेळी सपाट होते. छताला टांगलेले, दोरीने ओढायचे जुने कापडी पंखेही नजरेतून सुटू देऊ नयेत.

बाहेरच्या मैदानाभोवती विलायती शिरीषाची प्रचंड झाडे आहेत. दुपारी सगळे शहर पांढऱ्या उन्हात भाजत असताना त्यांच्याखाली मऊ, हिरवट प्रकाश असतो. माणसांची चित्रे घ्यायला यापेक्षा चांगली जागा फोर्ट कोचीत नाही. सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे. मूळ देऊळ इंग्रजांनी पाडले, सध्याची इमारत १९०५ ची. रंगवलेल्या छतासाठी थोडा वेळ द्यावा आणि पुढे निघावे.

पुढे म्हणजे बझार रोड. अल्प मुक्कामात एकच रस्ता निवडायचा झाला, तर हाच निवडावा. फोर्ट कोचीकडच्या कल्वथीपासून मट्टांचेरीपर्यंत तो पाण्याला धरून जातो. एका अंगाच्या गोदामांचे दार रस्त्यावर उघडते आणि पाठ पाण्यात उतरते. पूर्वी खाडीतून होड्या थेट मागच्या धक्क्याला लागत, माल आत येई, पाखडला-निवडला जाई आणि जहाजावर चढे. आता माल ट्रकने येतो. अरुंद रस्त्यात ट्रक उभा राहिला की वाहतूक थांबते, हमाल पोती पाठीवर घेतात आणि छायाचित्रकाराच्या समोर बंदराचा जुना व्यवहार नव्या वेशात उभा राहतो.

इथे उजेडाचा हिशेब सोपा आहे. मट्टांचेरीच्या गोदामांची पाण्याकडची पाठ पूर्वेला आहे, म्हणून ती सकाळी उजळते. ती पाहायची तर बोटीतून पाहावी. रस्त्याकडची तोंडे दुपारनंतर उजळतात. आत मात्र कायम अंधार असतो आणि तोच कामाचा आहे. दाराच्या उंबऱ्याशी माणूस उभा असला, की त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर रस्त्याचा प्रकाश पडतो आणि मागे सुंठेची पोती काळोखात विरत जातात. फ्लॅश लावला तर हे सगळे नाहीसे होते. आयएसओ वाढवावा, थोडे दाणेदार चित्र पत्करावे. आणि आत डोकावण्यापूर्वी मालकाला विचारावे. कामाच्या वेळेत पोत्यांच्या वाटेत उभे राहिलेले हमालांना खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. २०१२ पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिनालेमुळे अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस अशा जुन्या व्यापारी वास्तूंत कलाप्रदर्शने लागली. बिनालेच्या हंगामात त्या आतून पाहता येतात.

मट्टांचेरीचा राजवाडा आणि परदेशी सिनेगॉग एकमेकांना खेटून आहेत. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजा वीर केरळ वर्माला दिला. डचांनी दुरुस्त केला म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. राजाच्या शयनगृहात रामायणाची भित्तिचित्रे आहेत. कॅमेऱ्याचे नियम दारावर विचारून घ्यावेत, फ्लॅश तर कुठल्याच भित्तिचित्रावर मारू नये. शेजारचे सिनेगॉग १५६८ चे, राजाने दिलेल्या जमिनीवरचे. जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, वर बेल्जियमची झुंबरे. आत कॅमेरा चालत नाही. कुरकुर न करता तो पिशवीत ठेवावा आणि फरशा एकेक करून पाहाव्यात. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० मध्ये एझिकिएल रहाबी या व्यापाऱ्याने बांधला. त्याच्या तबकड्यांवर रोमन, हिब्रू आणि मल्याळम आकडे आहेत. या बंदरात किती जणांचा काळ एकत्र चालत होता, ते या एका चौकटीत मावते. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाला धर्मशिक्षण द्यायला कोचीतून यहुदी शिक्षक येत असत, हे अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाचकाला आठवेल. शुक्रवारी राजवाडा बंद असतो, त्याच दिवशी दुपारनंतर आणि शनिवारी सिनेगॉग. त्यामुळे सहल रविवार ते गुरुवारात बसवावी.

तिथून चेरळाईकडे जाणारे पर्यटक फार थोडे. मराठी माणसाने मात्र ही वाट चुकवू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबे इथे वसली. त्यांचे तिरुमल देवस्थान आजही वस्तीचे केंद्र आहे. डच गव्हर्नर व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. महाराष्ट्रात देवनागरी छापखाने सुरू होण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही नागरी अक्षरे कोचीच्या वैद्यांची आहेत. देवळाच्या आत कॅमेरा नेऊ नये, बाहेरच्या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते आणि बोलणे सुरू झाले की फोटोही मिळतात. गुजराती रोडवर धर्मनाथ जैन मंदिरापाशी कबुतरांना दाणे घालतात, तेही याच फेरीत जमते.

दुसऱ्या सकाळी फोर्ट कोचीतल्या वेलीजवळचा धोबीखाना पाहावा. सैन्याचे गणवेश धुण्यासाठी डचांनी तमिळ प्रदेशातून वण्णार कुटुंबे आणली, असे ती कुटुंबे सांगतात. दगडी कप्प्यांत कपडे आपटले जातात, पीळदार दोऱ्यांच्या पेडांत खोचून चिमट्यांशिवाय वाळत घातले जातात आणि कोळशाच्या जड इस्त्रीखाली जातात. पांढऱ्या चादरींच्या रांगांतून येणारा सकाळचा उजेड कुठल्याही स्टुडिओत तयार करता येणार नाही. इथे लोक कष्टाचे काम करत असतात, तेव्हा नाव विचारावे, चार शब्द बोलावे, नंतर कॅमेरा उचलावा.

परतीची दुपार पाण्यावर घालवावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या बोटी आता फोर्ट कोचीलाही येतात. हायकोर्टाच्या धक्क्याकडे जाताना उजव्या हाताला विलिंग्डन बेट दिसते. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने मुखाजवळचा वाळूचा बांध फोडून खोल वाट काढली आणि उपसलेल्या गाळाची भर घालून हे बेट उभारले. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. बेटाच्या काही भागात नौदलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा वळवू नये आणि परवानगीशिवाय ड्रोन तर शहरात कुठेच उडवू नये. क्रेन, मालवाहू जहाजे आणि वल्लारपाडम बेटावरचे कंटेनर टर्मिनल मात्र बोटीतून नीट दिसते. मट्टांचेरीतली मिरी आज समुद्राला लागते ती याच बंदरातून, पत्र्याच्या पेट्यांत बंद होऊन.