मंगळवेढ्याचे गावकूस

गावकूस म्हणजे गावाभोवतीचा कोट. त्याला वेशी असत, मोक्याच्या जागी बुरूज असत. रात्री वेस लागली की आतला गाव निर्धास्त निजे. मात्र कोट रचणारे हात कोणाचे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

पंढरपूरच्या आग्नेयेस, २५ किलोमीटरांच्या आत, मंगळवेढे आहे. बाराव्या शतकात हे कलचुरी बिज्जलाच्या राजधानीचे गाव होते. मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवरचे ठाणे म्हटल्यावर तटबंदी आलीच. १३१८ मध्ये देवगिरीचे यादव राज्य बुडाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १३३८ साली, येथील गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले. वेठीला लावलेले मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते.

ज्यांना वेशीआत घर नव्हते, त्यांनीच वेस रचावी आणि तिच्याखाली मरावे, असा हा न्याय! नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर. म्हणजे पुन्हा दाराबाहेरच.

दगडाचे कूस पडते, मनातले लवकर पडत नाही. विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. मंगळवेढ्याची भिंत पडून तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. तटबुरुजांचा इतिहास वाचताना आम्ही राजांची नावे पाठ करतो; दगड वाहणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आम्हांस ठाऊक आहे, हे आमचे भाग्य.