चरातली राख

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये रस्ता खणला की लगेच माती लागत नाही. आधी विटांचे तुकडे, जुना मलबा, मधेच कोळशाच्या राखेचा पट्टा. त्याखाली हुगळीची करडी, चिकट गाळमाती. साधारण मीटरभर खोल चरात विजेची केबल टाकतात. तिच्यातून किती वीज न्यायची, हे बरंचसं या मातीवर ठरतं. एक्सएलपीई (प्लास्टिकच्या आवरणाच्या) केबलची तार सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंतच तापू द्यायची असते, आणि उष्णतेला बाहेर पडायला मातीशिवाय वाट नसते.

तपासणी पाहायला साधी आहे. मातीत बारीक सळई खुपसतात, ठरावीक वीज देऊन ती तापवतात आणि तापमान टिपत बसतात. आकडा भराभर चढला, तर उष्णता सळईभोवतीच साचते आहे असं समजायचं. ओल्या गाळात तो रेंगाळतो, कोरड्या राखेत धावतो.

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना जेमतेम टेकतात. बाकी सगळी हवा. पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहतं, आणि ते आधी कणांच्या टेकणीपाशीच जमतं. म्हणून थोड्याशा ओलीनेच मोठा फरक पडतो. कोरड्या वाळूची उष्णतावाहकता ०.३ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तीच वाळू पाण्याने भरली की २ च्या घरात.

तापमानाचं वागणं मात्र दुटप्पी. ओलसर माती तापली की वाफ थंड बाजूला जाते, तिथे पाणी होऊन सुप्त उष्णता सोडते. म्हणजे वहन वाढतं. पण वाफ जाते ती केबलपासून दूर. भोवती कोरडं कडं धरतं, केबल आणखी तापते, कडं रुंदावतं. चिकणमातीत पाणी केशाकर्षणाने परत येऊ शकतं, भरड भरावात फारसं येत नाही. त्यामुळे माझ्या मते इथला खरा शत्रू चिखल नव्हे, भराव आहे. राखेचा एवढासा पट्टा अख्ख्या केबलची मर्यादा ठरवतो.

त्यात पंखे, एसी आणि शेजारच्या मेटियाब्रुजच्या शिंप्यांची मशिनं यांचा भार ऐन वैशाखात, जमीन सुकलेली असतानाच. १९९८ च्या उन्हाळ्यात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक निकामी झाल्या, तेव्हा चौकशीत मातीचाही मुद्दा निघाला होता.

उपाय अगदी गवंडीकामाचा: राख उपसायची, बारीक-भरड कणांची मिश्र वाळू थराथराने ओली करून ठोकायची, वर विटा मांडायच्या. ठोकणी नीट झाली की फटी कमी उरतात, आणि पुढे वाळू सुकली तरी कण एकमेकांना टेकलेले राहतात.