आमची पिकअप गाडी : दहा वर्षांचा हिशेब

नवी गाडी दारांत आली म्हणजे पहिले आठ दिवस तिचें कौतुक होतें, नवव्या दिवसापासून तक्रारी सुरू होतात, आणि पुढें वर्ष-दोन वर्षांनीं चार मालक एकत्र जमले कीं त्या तक्रारींस एक ठराविक रूप येतें : ‘गाडी दणकट, पण बसायला कठीण’, नाहीं तर ‘बसायला सुखाची, पण ऐन वेळीं दगा देणारी’. मालवाहू पिकअप गाडीविषयीं तर हीं दोन वाक्यें आमच्या भागांत इतक्या वेळां कानांवर येतात कीं, त्यांच्या खरेपणाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आम्हींही पुष्कळ वर्षें केला नव्हता. तो करावयास आम्हांस कोणत्या प्रसंगांनीं भाग पाडलें, आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, हें येथें सांगावयाचें आहे. बागाईत किंवा लहानसा व्यवसाय असलेल्या पुष्कळ कुटुंबांत आज अशी गाडी आहे, अगर ती घेण्याचें घाटत आहे. त्यांस या हकीकतीचा थोडाबहुत उपयोग होईल, अशी आशा आहे.

गाडीचें कूळ

पिकअप म्हणजे पुढें दोघां-तिघांपुरती बंदिस्त जागा आणि मागें उघडा हौदा. ही गाडी कोणा एकानें शोधून काढली असें म्हणण्यापेक्षां ती गरजेंतून घडत गेली, असें म्हणणें अधिक खरें. अमेरिकेंतील शेतकरी आपल्या मोटारींच्या पाठीमागें स्वतःच खोकीं जोडून माल बाजारांत नेत असत. सन १९२५ मध्यें फोर्ड कंपनीनें आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. आपल्याकडे १९४७ सालापासून महिंद्रांनीं मुंबईंत जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. १९८६ सालीं टाटांचा ‘४०७’ हा हलका ट्रक आला. आणि २००५ सालीं पाऊण टनाची ‘एस’ ही चिमुकली गाडी निघाली. लोक तिला ‘छोटा हत्ती’ म्हणूं लागले, आणि ज्या बोळांत पूर्वीं बैलगाडी वळत नसे, त्या बोळांतून हा हत्ती फिरूं लागला. आज खेडेगांवांतील मुलासही ‘पिकप’ हा शब्द सांगून समजवावा लागत नाहीं.

आमची गाडी आम्हीं सन २०१५ च्या दसऱ्यास घेतली. रत्नागिरी जिल्ह्यांत आमची कलमांची वडिलोपार्जित बाग आहे. तोंवर आंबा भाड्याच्या ट्रकांतून वाशीच्या बाजारास जाई, आणि ट्रक केव्हां मिळेल तें ट्रकवाल्याच्या मर्जीवर असे. उतरलेला आंबा कोणाची वाट पाहत नाहीं. म्हणून कर्ज काढून सव्वा टन वजन वाहणारी गाडी घेतली. ती कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जो दोष पुढें सांगावयाचा आहे तो कारखान्याचा नव्हे, आमचा होता.

कशेडीची रात्र

पहिलीं दोन वर्षें गाडीनें तक्रारीस जागा ठेवली नाहीं. तेल, गाळणी, ग्रीस वेळच्या वेळीं होत असे. तिसऱ्या हंगामांत आमचा लोभ वाढला. एका पेटीचें वजन सुमारें वीस किलो धरिलें तर सव्वा टनांत बासष्ट पेट्या बसतात. पण हौद्यांत जागा पुष्कळ दिसे. प्रथम सत्तर, मग पंचाहत्तर, मग ऐंशी. पाठीमागें गाडी बसूं लागली, तेव्हां शेजारच्या बागाईतदारांच्या सल्ल्यानें मागच्या कमानींत एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी पुन्हां ताठ उभी राहिली, आणि आम्हांस वाटलें कीं तिची शक्तिही वाढली.

आमचे चालक वयानें आमच्याहून थोडे वडील. मुलें त्यांस मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणतों. एप्रिल २०१८ मध्यें एके सकाळीं ते म्हणाले, ‘‘अण्णा, पाटं बोलायला लागलेत.’’ मीं म्हटलें, ‘‘मामा, हंगाम संपूं द्या, मग बघूं.’’ चार दिवसांनीं त्यांनीं पुन्हां तेंच सांगितलें, आणि मींही पुन्हां तेंच उत्तर दिलें.

त्याच आठवड्यांत पंचाऐंशी पेट्या घेऊन गाडी निघाली. त्या दिवशीं मीही बरोबर होतों. कशेडीचा बोगदा तेव्हां झालेला नव्हता. सारी वाहतूक घाटांतूनच जात असे. रात्रीं एकच्या सुमारास एका वळणावर मोठा आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगास कलली. उजेड पाडून पाहतों तों मागच्या कमानीचा मुख्य पाटा दुभंगलेला. कल डोंगराच्या बाजूस होता, म्हणूनच आज हा लेख लिहितां येत आहे. दरीच्या बाजूचा पाटा तुटता, तर काय झालें असतें तें मनांत न आणणेंच बरें. पाटा मिळून गाडी पुन्हां उभी राहण्यास दुसऱ्या दिवसाचे तीन वाजले. तोंवर माल ताडपत्रीखालीं उन्हांत शिजत होता. वाशीस पोंचल्यावर तीस पेट्यांतील आंबा मऊ पडलेला निघाला, आणि बाकीचाही निम्म्या भावानें गेला.

घरीं परतल्यावर मीं रागारागानें दुरुस्तीकेंद्रास पत्र लिहिलें, आणि तुटका पाटा पुराव्यादाखल घेऊन गेलों. तेथील वृद्ध मिस्त्रीनें तो उजेडांत धरला. तुटीचा अर्धा भाग गंजून तांबूस झालेला होता, अर्धा चकचकीत होता. तो म्हणाला, ‘‘ही चीर महिन्याची जुनी आहे, साहेब. तुटला परवां. वजनकाट्याची पावती आहे का?’’ पावती खिशांत होती. माल सतराशें किलो भरला होता. मीं पत्र परत घेतलें.

पाट्यांचें शास्त्र

त्या मिस्त्रीनें त्या दिवशीं जें समजावून दिलें, तें प्रत्येक मालकानें गाडी घेण्यापूर्वींच समजून घ्यावें असें आहे. पिकअपच्या मागच्या आंसावर पोलादी पाट्यांची कमान असते. कमानीचे वरचे पाटे नेहमीं काम करितात. तळाचे जाड पाटे पुरतें वजन पडल्यावरच वांकून टेकतात. गाडी मालासह तोलली जावी म्हणून कमान मुळांतच ताठ घडविलेली असते. त्यामुळें रिकाम्या गाडींत ती वांकतच नाहीं, आणि रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ बैठकीपर्यंत पोंचतो. हीच गाडी अर्ध्या-पाऊण वजनानें भरली कीं नौकेसारखी चालते. म्हणून विक्रेत्याच्या दारांतून रिकामी गाडी चालवून पाहून ‘ही कठीण बसते’ असा निकाल देणें म्हणजे, पालखी रिकामी उचलून ती हलकी आहे असें ठरविण्यासारखें होय.

पाटा वाढविल्यानें काय होतें? कमान आणखी ताठ होते, एवढेंच. आंस, चाकांचे बेअरिंग, ब्रेक, टायर आणि सांगाडा हे पूर्वींचेच राहतात. जी गाडी खालीं बसून ‘वजन जास्त झालें’ असें सांगत होती, तिचें तोंड आपण बंद करितों. शिवाय परतीच्या रिकाम्या प्रवासांत ती पूर्वींपेक्षां अधिक आदळते. सुख व भरंवसा हीं दोन्ही एकाच चुकीनें गमावलीं जातात, तीं अशीं. कायद्याची गोष्ट निराळीच. सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिक वजन वाहणाऱ्यास २०,००० रुपये, व त्यावर दर जादा टनामागें २,००० रुपये दंड आहे. परंतु त्या रात्रीं आम्हांस जो दंड झाला, तो त्याहून मोठा होता.

चालकाची जागा

एवढ्यानें आमचे डोळे पुरते उघडले असें नाहीं. आम्हीं पेट्या बासष्टांवर आणिल्या. पण वाढविलेले पाटे काढण्याचें राहून गेलें. पुढच्या वर्षीं पाडव्याच्या सुमारास मामांनीं अंथरूण धरलें. कंबर इतकी धरली कीं उठवेना. डॉक्टरांनीं तीन आठवडे सक्तीची विश्रांति सांगितली. ऐन हंगामांत दुसरा चालक कोठून मिळणार? मला गाडी चालवितां येत होती, परवानाही होता. मीच बसलों.

पहिल्याच दिवशीं मला जें कळलें तें चार वर्षांत कळलें नव्हतें. मी जेव्हां जेव्हां बरोबर जाई, तेव्हां कडेच्या बैठकीवर बसें. तेथील गादी जवळजवळ कोरी होती. चालकाच्या खालची गादी मात्र बसून बसून फळीसारखी झालेली. तिच्या मध्यभागीं पत्र्याची कड हातास लागत होती. त्या कडेवर मामांनीं घरचें एक जुनें घोंगडें घडी करून घातलें होतें. तें घोंगडें मीं किती वेळां पाहिलें असेन. तें तेथें कशासाठीं आहे हें मीं कधींही विचारलें नव्हतें. पायांखालच्या पत्र्यांतून यंत्राची ऊब येई. माल उतरवून बाजारांतून रिकामी गाडी परत आणतांना तीनशें किलोमीटरांहून अधिक रस्ता मीं अक्षरशः मणक्यांनीं मोजला. सततच्या अशा कंपनानें कंबरेचें दुखणें जडतें, हें वैद्यकशास्त्रास मान्य आहे. मामांस तें आमच्या गाडींत, आमच्या पाट्यांनीं जडलें, यांत मला शंका उरली नाहीं.

मी त्यांच्या घरीं गेलों व विचारलें, ‘‘मामा, तुम्ही मला हें कां सांगितलें नाहीं?’’ ते म्हणाले, ‘‘गाडीचं सांगितलं होतं, अण्णा. माझं काय सांगायचं?’’ या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. कारण गाडीचें सांगितलेलेंही मीं ऐकलें नव्हतें.

त्याच आठवड्यांत वाढविलेले पाटे काढले. धक्के शोषणारे नळकांडे, ज्यास गॅरेजांत शॉकअॅब्सॉर्बर म्हणतात, ते मागचे दोन्ही निकामी झाले होते, ते बदलले. बैठकीस नवी जाड गादी व कंबरेस आधार करून घेतला. टायरांत हवा रिकाम्या गाडीस किती व भरलेल्या गाडीस किती, हें कारखान्यानें दारावरील पट्टीवर छापून दिलेलें असतें. तें आजवर कोणी वाचलेंच नव्हतें. या सर्वांचा खर्च, कशेडीस गमावलेल्या मालाच्या किंमतीपुढें फारच थोडा आला.

इतरांचे अनुभव

गाड्यांच्या खरेपणाची कसोटी रस्त्यारस्त्यागणिक बदलते. आमचे एक मेहुणे सांगलीकडे असतात. त्यांची याच जातीची गाडी सपाट रस्त्यावर, बेताच्या वजनानें, दोन लक्ष किलोमीटर धांवली, तरी यंत्र उघडावें लागलें नाहीं. आमच्याकडे घाट आहेत, म्हणून क्लच लवकर झिजतो. तांबडी धूळ आहे, म्हणून हवेची गाळणी दुप्पट वेळां साफ करावी लागते. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि खारा वारा आहे, म्हणून सांगाडा गंजतो. पावसाळ्यापूर्वीं तळ धुवून रंगविणें, हें आम्हीं घराच्या कौलांच्या शाकारणीइतकें नेमाचें केलें आहे.

आमच्या आतेभावानें सन २०२१ मध्यें नवी गाडी घेतली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांमुळें डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत बहुधा काजळी अडविणारी गाळणी असते. यंत्र कांहीं काळ सलग चाललें म्हणजे ती तापून काजळी आपोआप जळते. आतेभावाचा फेरा बाग ते बाजार असा सहा किलोमीटरांचा. गाळणी तापणार केव्हां? समोरचा दिवा वारंवार लागे आणि तो गाडीस बोल लावी. आतां आठवड्यांतून एकदां तो माल घेऊन हमरस्त्यानें दूरच्या बाजारास जातो. दिवा लागणें थांबलें. ज्याचा फेरा नेहमीं आंखूड आहे, त्यानें घेण्यापूर्वींच हा विचार करावा.

दोन शब्द अखेरचे

आमच्या मंडळींनीं तेव्हांपासून गाडीची एक वही घातली आहे. तींत तारीख, किलोमीटर, भरलेलें वजन, तेल, गाळणी हे रकाने आहेत, आणि अखेरचा रकाना ‘मामांचें म्हणणें’ असा आहे. हा रकाना त्यांनींच सुचविला. रोज संध्याकाळीं मामा किल्ली ठेवावयास येतात तेव्हां त्या विचारतात आणि लिहून घेतात. ‘डावीकडे ओढते’, ‘ब्रेक उशिरा लागतो’, ‘आज ठीक’. गेल्या सात हंगामांत वाटेंत गाडी एकदांच थांबली, तीही पंक्चरसाठीं. याचें श्रेय मी त्या रकान्यास देतों.

मामांची कंबर पूर्ववत् झाली नाहीं. लांबचा प्रवास आतां त्यांचा मुलगा करितो; ते जवळचे फेरे करितात. नवी गादी बसविली त्या दिवशीं त्यांनीं घोंगडें झटकून, घडी घालून घरीं नेलें. गाडी विश्वासू आहे कीं नाहीं, हें कोणी विचारलें तर आम्ही वजनकाट्याची पावती दाखवितों. ती सुखाची आहे कीं नाहीं, हें विचारलें तर मात्र मामांकडे बोट दाखवितों. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार त्यांचा आहे, आमचा नाहीं.