कारखान्यातील नर्सबाई

दवाखान्यातील नर्स तुम्ही पाहिली असेल. ती ताप पाहते, सुई टोचते, जखम धुऊन पट्टी बांधते. रोगी खाटेवर असतो आणि नर्स त्याच्यापाशी जाते. काही नर्सबाई मात्र रुग्णालय सोडून कारखान्यात नोकरी धरतात. तेथे कामगार आपल्या पायांनी चालत येतात. बहुतेक तर धडधाकट दिसतात. मग तेथे नर्स कशाला?

ही चाल जुनी आहे. इंग्लंडात नॉर्विच गावी कोलमन यांचा मोहरीचा कारखाना होता. तेथे १८७८ साली फिलिपा फ्लॉवरडे नावाच्या नर्सला कामावर घेतले. ती कारखान्यात डॉक्टरांना मदत करी आणि आजारी कामगारांच्या घरी जाऊन त्यांना पाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० हून अधिक कामगार असतील तेथे औषधोपचाराची खोली ठेवणे मालकाला भाग पाडले.

आता असे धरू की, रुग्णालयात दहा वर्षे काम केलेल्या एक बाई सूतगिरणीत आल्या. कापलेले बोट, डोळ्यांत गेलेला कण, हे त्यांना नवे नाही. एका सोमवारी कापूस पिंजण्याच्या खात्यातला कामगार येतो. म्हणतो, "बाई, छाती आवळल्यासारखी वाटतेय. सर्दी असेल. गोळी द्या." बाई गोळी देतात. मंगळवारी त्याला बरे वाटते. पुढच्या सोमवारी तो पुन्हा दारात! आणि त्याच्यामागे त्याच खात्यातले आणखी दोघे.

रुग्णालयातून रोगी घरी गेला की तो पुन्हा दिसतोच असे नाही. येथे तीच माणसे रोज समोर असतात. बाई नोंदवही काढतात. कोण आला, कोणत्या खात्यातला, कोणत्या वारी? खाते एक आणि वारही एकच!

कापसाची बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते. सुट्टीत छातीला विसावा मिळतो. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला धूळ पुन्हा लागली की छाती आवळते. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. (गिरणीची सुट्टी शुक्रवारी असली, तर हाच त्रास शनिवारी दिसेल.) आरंभी एकच दिवस त्रास होतो, म्हणून माणूस तो अंगावर काढतो. वर्षानुवर्षे तसेच चालले तर दम रोजच लागू लागतो आणि फुप्फुस कायमचे अधू होते. मग गोळीने ते पूर्वीसारखे होत नाही.

म्हणून बाईंना खोली सोडून खात्यात जावे लागते. स्वच्छ वॉर्डाची सवय झालेल्या नर्सला हेच जड जाते, असे मला वाटते. यंत्राचा आवाज, उडणारी धूळ, ती झाडण्याची रीत, सारे डोळ्यांनी पाहावे लागते. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १७०० साली पुस्तक लिहून सांगितले होते की, रोग्याला त्याचा धंदाही विचारा. बाई डॉक्टरांना सांगून कामगारांचा श्वास पाळीच्या आधी आणि नंतर यंत्रात फुंकवून मोजवतात. धूळ ओढून घेणारे यंत्र नीट चालवा, असे व्यवस्थापकाला सांगतात.

येथे एक अडचण येते. कामगार म्हणतो, "बाई, तुमचा पगार मालक देतो. माझं दुखणं त्याला सांगाल, अन् माझी नोकरी जाईल." ही भीती खोटी म्हणता येत नाही. या भीतीने माणसे खोकला दाबून धरतात. बाईंनी रोग्याची माहिती स्वतःपाशी आणि डॉक्टरांपाशीच ठेवली पाहिजे. मालकाला एवढेच कळावे की, हा माणूस या कामाला योग्य आहे की नाही, आणि खात्यात काय सुधारायचे आहे. बिसिनोसिससारख्या रोगाची खबर डॉक्टरांनी सरकारी निरीक्षकाला देणे मात्र कायद्याने भाग आहे. जी नर्स रोग्याचे बोलणे साहेबाच्या कानावर घालते, तिच्या खोलीत पुन्हा कोणी खरे बोलत नाही.

तुम्ही गिरणीत असाल तर बाईंना दुखणे सांगताना वार सांगा. त्रास किती वाजता सुरू होतो, सुट्टीत कमी होतो का, हेही सांगा. मग नोंदवहीत तुमचे नाव आणि खाते बरोबर लिहिले आहे ना, ते स्वतः वाचून पाहा.