कोणती पिशवी निघाली?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, पिशवी निघाली का?" मग मलाच उलट विचारावे लागते, "कोणती पिशवी?" आपल्याकडे गर्भाशयालाही पिशवी म्हणतात, मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी आणि कॉटच्या कडेला लोंबते ती प्लॅस्टिकची तिसरी! आज मला बोलायचे आहे ते या तिसऱ्या पिशवीबद्दल आणि तिला जोडलेल्या नळीबद्दल, म्हणजे कॅथेटरबद्दल. ती नळी दिसली की घरच्यांचे चेहरे उतरतात, पेशंट सीरियस आहे असे वाटते. तसे मुळीच नसते.

गर्भाशय आणि मूत्राशय अगदी सख्खे शेजारी. मूत्राशय भरलेले असेल तर ऑपरेशनच्या वेळी मध्ये येते आणि त्याला इजा होण्याची भीती असते. म्हणून सिझेरियन असो की गर्भाशय काढणे असो, आम्ही ते रिकामे ठेवतो. शिवाय पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला की लघवी लागल्याची जाणीवच काही तास होत नाही. आणि लघवी किती होते हेही आम्हाला पाहायचे असते. ६० किलो वजनाच्या बाईला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती कमी झाली किंवा लाल दिसू लागली की आम्ही सावध होतो.

ही नळी आतच कशी राहते, असे पुष्कळजणी विचारतात. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की त्यात साधारण १० मिलिलिटर पाणी भरतात. फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या दशकात ही रचना प्रचारात आणली, म्हणून तिला फोलीज कॅथेटर म्हणतात. काढताना आधी फुग्यातले पाणी काढावे लागते. तेव्हा झोपेत किंवा चिडून ती कधीही ओढू नये.

मी शिकत होते तेव्हा नळी दोन-तीन दिवस ठेवण्याचीच पद्धत होती. आता साध्या ऑपरेशननंतर ती बहुधा २४ तासांच्या आत काढतात, कारण नळी असेल त्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, जंतूंना वाट लांबची नाही! अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशननंतर मात्र एखादा दिवस जास्त लागू शकतो. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून ते शिवले असेल, तर साध्या दुरुस्तीनंतरही ७ ते १० दिवस नळी ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे. तिथे घाई केली तर टाके उसवतात. म्हणून "आज नळीची गरज आहे का?" असे रोज सकाळी डॉक्टरांना जरूर विचारा, आम्हाला त्याचा राग येत नाही. (आला तरी विचारा!)

खरी काळजी घ्यायची ती नळी काढल्यावर. एका काकूंचे अंग बाहेर येण्याचे ऑपरेशन झाले होते. सकाळी नळी काढली. दुपारी तरुण डॉक्टरांनी विचारले, "लघवी झाली ना?" काकूंनी मान डोलावली. संध्याकाळी मी गेले तेव्हा त्या तळमळत होत्या, ओटीपोट दगडासारखे लागत होते. "होतेय की थोडी थोडी," त्या म्हणाल्या. पुन्हा नळी घातली, तर ९०० मिलिलिटर लघवी निघाली! एरवी ४००-५०० झाली की बसवत नाही. थोडी थोडी होत होती ती भरलेल्या माठातून पाझरावी तशी. "पुरुष डॉक्टरांना कसं सांगायचं?" एवढेच त्या पुटपुटल्या. ताणलेल्या मूत्राशयाचा जोर जातो, म्हणून काकूंना आणखी चार दिवस नळी बाळगावी लागली.

तेव्हापासून मी "झाली का?" असे विचारतच नाही, "किती झाली?" असे विचारते. नर्सबाई भांड्यात मोजतात आणि आत किती राहिली तेही पाहतात. १००-१५० मिलिलिटरपर्यंत उरली तर चालते. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा थेंब थेंब होत राहिली, तर लाज सोडून नर्सला सांगावे. पहिल्या एकदोन वेळा जळजळते, पण त्या भीतीने पाणी पिणे कमी करू नये.

एखादीला नळीसह घरी जावे लागते. तेव्हा पिशवी जमिनीवर ठेवू नये आणि कमरेच्या वर उचलू नये, लघवी उलटी फिरते. थंडी वाजून ताप आला, पोट दुखू लागले किंवा पिशवीत लघवी येईनाशी झाली तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. मांडीला बांधायची छोटी पिशवी औषधांच्या दुकानात मिळते. ती साडीखाली दिसतसुद्धा नाही. झोपताना तेवढी मोठी लावून घ्यावी.