‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ बाटलीत फॉर्माल्डिहाइड

डोळे चुरचुरणे, धाप लागणे, नाकातून रक्त येणे. २०१० साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात केशरचना करणाऱ्यांनी या तक्रारी मांडल्या. संशय होता ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ या केस सरळ करण्याच्या द्रावणावर. बाटलीवर मात्र ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ असे छापलेले होते. ओरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने नमुने तपासले, तेव्हा फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी ८ टक्क्यांहून अधिक निघाले.

कंपनीचा बचाव असा, की द्रावणात आहे ते मिथिलीन ग्लायकॉल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही शब्दांची कसरत होती. फॉर्माल्डिहाइड हा वायू. तो पाण्यात विरघळला की बहुतांश मिथिलीन ग्लायकॉलच्या रूपात राहतो. मृतदेह जतन करण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत वापरतात ते फॉर्मालिन म्हणजे हेच. केसांना द्रावण लावून वर तापलेली इस्त्री फिरवली, की वायू पुन्हा मोकळा होतो आणि थेट श्वासात जातो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. नाक-घशाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. ग्राहक वर्षातून दोन-चार वेळा या खुर्चीत बसतो. काम करणारी मुलगी मात्र दिवसभर, रोज तीच हवा घेते.

२०१० मध्येच कॅलिफोर्निया राज्याने कंपनीवर दावा दाखल केला. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही चुकीच्या लेबलबद्दल कंपनीला ताकीद दिली. जानेवारी २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ६ लाख डॉलर भरायचे, ‘मुक्त’ हा दावा थांबवायचा आणि बाटलीवर धोक्याची सूचना लावायची. द्रावण मात्र बाजारातून हटले नाही. कायद्याने लेबल दुरुस्त केले, सलूनमधली हवा नाही.

पुढे फॉर्माल्डिहाइडऐवजी ग्लायॉक्झिलिक आम्ल असलेली क्रीम आली. तीही निर्धोक नाहीत. एका २६ वर्षांच्या तरुणीला केस सरळ केल्यावर तीन वेळा मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याचे फ्रेंच डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवले. हे आम्ल त्वचेतून शरीरात शिरते आणि त्यातून तयार होणारे ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, असे उंदरांवरील प्रयोगात दिसले.

आपल्याकडेही लग्नसराईत केराटिन आणि स्मूदनिंगसाठी पार्लरमध्ये रांगा लागतात. बाटली मागून घ्या, घटक वाचा. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मालिन, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायॉक्झिलिक आम्ल दिसले, तर नको म्हणा. गर्भवतींनी हे उपचार टाळावेत. उपचार सुरू असताना डोळे किंवा टाळू जळजळली, तर तिथेच थांबवा. नंतर उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणे जाणवले, तर डॉक्टरांना पार्लरची गोष्ट आवर्जून सांगा. ती सांगितली नाही, तर निदान चुकू शकते.